हसीबा-२

आधी माझी चूक सांगून टाकते, म्हणजे मधेच कुणी मला बोलायला नको.

मी हनादी. मीना गावच्या बंदरामागे आमची पाच मजल्यांची इमारत आहे, तिच्या तळाशी माझं दुकान. मोबाइलची कव्हरं, चार्जर आणि सगळ्या इमारतीचं इंटरनेट. कंपनीची एक लाइन माझ्याकडे येते, आणि माझ्याकडून जिन्याच्या भिंतीला खिळे ठोकत वायरी वरपर्यंत जातात. बावीस घरं आहेत. कुणाचं नेट गेलं की पहिली शिवी मला, आणि वीज गेली तरी पहिली शिवी मलाच, कारण जनरेटरवाला तीन गल्ल्या पलीकडे बसतो आणि मी हाताशी आहे. मी तोंडाची फटकळ आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. काम मात्र चोख करते, हेही ठाऊक आहे. त्या मंगळवारीसुद्धा मी काम चोखच केलं होतं आणि त्यापायी एका म्हाताऱ्या बाईच्या तोंडचं पाणी पळवलं.

ती म्हातारी म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची खालतो नाहिदा. आणि पाचव्या मजल्यावर राहतात ते अम्मो वदीअ. माझं त्यांचं नातं काही नाही, पण आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला खालतो आणि बुवाला अम्मो म्हटल्याशिवाय हाक मारली तर माझी आई थडग्यातून उठून बसेल. त्या दोघांचं एकमेकांशी नातं मात्र आहे. सख्खे भाऊबहीण. तो शहात्तरचा, ती बहात्तरची. नऊ वर्षं एकमेकांशी अक्षर बोललेले नव्हते. ती त्याला 'वरचा' म्हणायची, तो तिला 'खालची'. नाव म्हणून घ्यायचं नाही.

भांडण झालं ते आईच्या मातीवरून. अम्मो वदीअ तरुणपणी दूर परदेशी, आबिदजानला गेले, दुकान टाकलं, चाळीस वर्षं तिकडेच राहिले. त्यांची आई हसीबा इथे पाचव्या मजल्यावर वारली, ऐन ऑगस्टात. त्यांनी फोन केला, "दोन दिवस थांबा, विमान मिळतंय." खालतो थांबली नाही. वीज नव्हती, बर्फाच्या लाद्या वितळत होत्या, आईला ठेवणार कुठे? दुसऱ्या दिवशी पुरलं. अम्मो तिसऱ्या दिवशी पोचले, तेव्हा घरात बायाबापड्या कडू कॉफी पीत बसल्या होत्या. त्या सगळ्यांदेखत ते बहिणीला म्हणाले, "तुला दोन दिवस धीर धरवला नाही?" आणि ही म्हणाली, "तुला चाळीस वर्षांत यावंसं वाटलं नाही?" मी तिथेच ट्रे घेऊन उभी होते.

त्यानंतर अम्मो परत गेलेच नाहीत. बायको तिकडेच वारली होती, मुलगी फ्रान्सला. आईच्या घरात राहायला लागले. येताना बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आले होते, त्यात कॅसेटी. हसीबाला लिहिता येत नव्हतं, म्हणून इथल्या लढाईच्या सगळ्या वर्षांत ती चार-पाच महिन्यांनी कॅसेट भरून मुलाला पाठवायची. एकेचाळीस कॅसेटी. पाव कुठल्या भावाने मिळतो, कुणाचं लग्न ठरलं, कुठे बॉम्ब पडला, सगळं एकाच आवाजात. आणि मागून सतत नाहिदाचं खुसपट, "आई, असं नव्हतं ते!"

सहा वर्षांपूर्वी अम्मो तो पत्र्याचा डबा घेऊन माझ्याकडे आले. कॅसेटी झिजायला लागल्यात म्हणाले. मी म्हटलं, हे सगळं एका छोट्या कॉम्प्युटरमध्ये भरून देते. पंजाएवढा डबाच असतो, लिनक्सवर चालतो, पडदा नाही, बटणं नाहीत, कपाटावर ठेवून द्यायचा आणि आपल्या फोनवरून ऐकायचं. ते जरा वेळ बाहेर मासेवाल्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दोन कर."

"दुसरा कुणाला?"

"खालचीला दे. माझं नाव घेऊ नकोस."

मी तासाभरात तिला सांगून टाकलं, कुणाकडून आहे ते. माझ्या पोटात काही राहत नाही. खालतोने डबा घेतला, पुसला आणि म्हणाली, "ठेव तिथे." बस्स.

आता यात मी थोडा आळस केला, तो सांगायला हवा. पहिल्या डब्याचं मेमरी कार्ड तयार झालं, त्याला मी नाव दिलं 'हसीबा'. दुसऱ्यासाठी त्याच कार्डाची नक्कल मारली आणि नाव बदलायचं विसरले. आमच्या धंद्यातला प्रत्येक जण हे एकदा तरी करतो, करून बसतो आणि दुसऱ्याला हसतो. असा डबा सुरू झाला की तो सगळ्या इमारतीच्या सामाईक वायरीवर आधी हाळी देतो, 'मी हसीबा, या नावाचं आणखी कुणी आहे का इथे?' कुणी ओ दिली नाही तर नाव त्याचं. कुणी ओ दिली तर उशिरा आलेला निमूट आपल्या नावापुढे दोन लावून घेतो. भांडत नाही, रुसत नाही. फोनसुद्धा तसंच विचारतो, 'कोण कोण आहे रे?' आणि जे जे ओ देतील त्यांची यादी दाखवतो. पत्ते कुणीच लिहून ठेवलेले नसतात, रोज नव्याने हाक आणि रोज नव्याने ओ.

अम्मो पहाटे पाचला उठतात. माझ्या दुकानातल्या नेटसारखी त्यांच्याकडेही गाडीची जुनी बॅटरी आहे, तिच्यावर डबा लावतात, कॉफी टाकतात, आईला ऐकतात. जनरेटर सहाला येतो तेव्हा खालतोचा डबा जागा होतो. तोवर नाव गेलेलं. त्यामुळे दोघांच्याही फोनवर रोज सकाळी तीच यादी. वर 'हसीबा', खाली 'हसीबा-२'. दोन म्हणजे नेहमी खालतो.

माझ्या ते लक्षात आलं तेव्हा मी स्वतःहून तिच्याकडे गेले. म्हटलं, "खालतो, माझीच चूक आहे, दोन मिनिटांत तुझ्या डब्याला वेगळं नाव देते. 'नाहिदा' ठेवू?"

"हात लावशील तर हात मोडीन."

"अगं, पण हे दोन किती वाईट दिसतं!"

"राहू दे. वरच्याचा जन्मभर पहिला नंबर लागलाय, इथेही लागू दे."

मी म्हटलं, किती ही खुन्नस! मग वर जाऊन अम्मोंना विचारलं, तुमच्या डब्याचं नाव बदलू का? ते कॉफीचं भांडं विसळत होते, मागे वळलेसुद्धा नाहीत. "नको," म्हणाले, "यादीत बरं दिसतं." दोघंही तिरसट, असं म्हणून मी विषय सोडून दिला. मी इतकी हुशार.

एकदा मात्र माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. दोन वर्षांपूर्वी अम्मोंना छातीत दुखलं, चार दिवस इस्पितळात होते. मी कुणाला बोलले नव्हते, पण दुसऱ्याच दिवशी खालतो मसुराच्या सुपाचं भांडं घेऊन दुकानात हजर. "उरलंय," म्हणाली, "वरच्या मजल्यावरच्या मांजरीला घाल."

"खालतो, इस्पितळात मांजर नसते गं."

"मग असेल त्याला दे. आणि लिंबू पिळायला सांग."

हिला कुणी सांगितलं असेल, असं मनात आलं आणि मी लिंबू शोधायला लागले. पुढे विचार केला नाही.

आता तो मंगळवार. दुसऱ्या मजल्यावरच्या सोनियाला वजन कमी करायचं होतं. ती फोनवरून आपल्या टीव्हीवर व्यायाम लावते. फोनने विचारलं, टीव्ही कोण कोण आहे? सगळ्या इमारतीतल्या टीव्हींनी ओ दिली. तिने चष्मा न लावता बोट टेकवलं ते चौथ्या मजल्यावरच्या उस्ताद मुनीफांच्या टीव्हीवर. उस्ताद निवृत्त हेडमास्तर, आणि त्या वेळी नेमके चर्चमधले फादर त्यांच्याकडे घराला आशीर्वाद द्यायला आलेले. पवित्र पाणी शिंपडून झालं आणि टीव्हीवर तंग कपड्यांतली एक बाई ओरडली, "पाय वर! आणखी वर! लाजू नका!"

उस्ताद मुनीफ जिन्यावरून जे खाली आले, ते मला इथे सांगता येणार नाही अशा भाषेत बोलत आले. शुद्ध व्याकरणात, पण तसल्या भाषेत.

त्यांचं म्हणणं खरं होतं. एकाच्या घरातली वस्तू दुसऱ्याच्या फोनवर दिसणं बरोबर नाही, मी ते कधीच बंद करायला हवं होतं. संध्याकाळी बसले, चहा घेतला आणि केलं बंद. एका टिचकीचं काम. प्रत्येक घर आपापल्या भिंतीत. हाक मारा, ओ द्या, सगळं उंबऱ्याच्या आत. सोनियाच्या फोनवर फक्त सोनियाचा टीव्ही दिसला. उस्तादांच्या बायकोने मामूल बिस्किटांची बशी पाठवली. खजुराचं सारण होतं. मी चार खाल्ले आणि स्वतःवर खूश होऊन झोपले.

बुधवारी सकाळी साडेसातला शटर वर केलं, झातर मसाल्याची मनाकीश रोटी तोंडात कोंबतेय तोच खालतो नाहिदा आली. घरातल्या झग्यावर. पायात सपाता, केस विस्कटलेले. ही बाई गॅलरीत कपडे वाळत घालायलासुद्धा ओठ रंगवल्याशिवाय येत नाही. तिने फोन माझ्या काउंटरवर ठेवला.

"माझा डबा बिघडलाय."

मी हात पुसून बघितलं. डबा सुरू होता. कॅसेट तेवीस लावली, हसीबा खणखणीत बोलायला लागली. "खालतो, ठणठणीत आहे की! काय बिघडलंय?"

"नीट बघ."

"बघितलं."

"दोन नाहीये," ती म्हणाली.

मी यादी पाहिली. एकच नाव. 'हसीबा', नुसतं. मी आनंदाने म्हटलं, "अगं मग अभिनंदन! पहिला नंबर लागला तुझा!"

ती स्टुलावर बसली. गुडघ्यावर हात ठेवून मला म्हणाली, "हनादी, वरच्या मजल्यावर... तू आज वर गेली होतीस का?"

"नाही. का?"

"काही आवाज? पाण्याचा पंप? दार?"

आणि मग तिने मान खाली घातली आणि सांगितलं. माझ्याकडे न बघता, काउंटरवरच्या चार्जरांना सांगितल्यासारखं. सहा वर्षं ती रोज सकाळी वीज आली की आधी यादी उघडते. आईचा आवाज नंतर. आधी यादी. तिच्या नावापुढे दोन असला म्हणजे वर कुणीतरी तिच्या आधी उठलंय. उठलंय, चाललंय, डबा लावलाय, कॉफी टाकलीय. तो दोन बघितला की ती उठून तोंड धुते. "चार दिवस नव्हता तेव्हा तो इस्पितळात होता," ती म्हणाली. "आज सहापासून बघतेय. बंद करून पुन्हा लावला. पाच वेळा लावला. दोन येतच नाही. मेला गं तो. एकटा मेला वर."

मला एकदम हसू फुटलं, कारण मला कळलं काय झालंय ते. "खालतो! खालतो, ऐक! मी केलंय ते! काल संध्याकाळी मीच सगळ्या घरांची दारं लावून टाकली, त्या सोनियाच्या व्यायामापायी. तुझा डबा त्यांना दिसत नाही, त्यांचा तुला दिसत नाही. अम्मो असतील वर धडधाकट, शिव्या देत!"

तिने माझं मनगट धरलं. म्हातारीच्या हातात काय जोर होता! "उघड."

"उघडते की."

"आत्ता उघड. माझ्यासमोर."

उघडलं. तीच टिचकी, उलटी. तिच्या डब्याची वीज काढून पुन्हा लावायला वर जायची गरज नव्हती, ते मी इथूनच केलं. म्हटलं, "आता बघ, मिनिटभरात तुझा दोन परत येतो." आम्ही दोघी एकाच फोनवर वाकलो. तिच्या झग्याला वेलचीचा वास येत होता. सकाळी कॉफी केली असेल, प्यायली नसेल.

यादी आली. 'हसीबा'. नुसतं.

मी फोनला पुन्हा विचारायला लावलं. पुन्हा तेच. माझ्या बाजूने पाचव्या मजल्याची वायर तपासली, वायर नीट होती. त्यांचा फोन दिसत होता. डबा नव्हता. सगळ्या इमारतीतले टीव्ही ओ देत होते, सोनियाचा, उस्तादांचा, सगळ्यांचे. तो एक डबा गप्प होता.

"बॅटरी उतरली असेल," मी म्हटलं.

"सहाला वीज आली."

"मग... विसरले असतील."

"सहा वर्षांत एकदाही?" ती उठली. "चल."

जनरेटरवर लिफ्ट चालत नाही. खालतोचे दोन्ही गुडघे गेलेले. ती आठवड्यातून एकदा खाली येते आणि उतरताना-चढताना दोन्ही वेळा वाटेत बसते. त्या दिवशी बसली नाही. कठड्याला धरून एकेक पायरी, आणि मी मागे, ती पडली तर धरायला. मला मनातून नुसतं वाटत होतं, देवा, माझ्या टिचकीमुळे एवढा वेळ गेला. तिला सहालाच कळलं असतं, सहालाच मला उठवलं असतं.

पहिल्या मजल्यावर ती मध्येच म्हणाली, "दोन दिवस थांबायला हवं होतं का गं मी?"

मला आधी कळेना कशाबद्दल.

"बर्फ आणखी आणता आला असता," ती म्हणाली. "बंदरावर होता. मासेवाल्यांकडे होता. मला राग आला होता म्हणून मी आणला नाही. चाळीस वर्षं मीच उचललं, मीच पुसलं, मीच भरवलं, आणि शेवटी याच्यासाठी थांबायचं? म्हणून नाही थांबले. सगळ्यांना उन्हाचं निमित्त सांगितलं."

"खालतो, नको आता ते."

"आई त्याला प्रत्येक कॅसेटच्या शेवटी म्हणायची, 'मला तूच मूठमाती दे रे बाळा.' आपल्याकडे सगळ्याच आया म्हणतात. पण मी शेजारी बसून ऐकलंय ना. एकेचाळीस वेळा."

मी रडत नाही सहसा. पण जिन्यात अंधार होता, तर रडून घेतलं.

आम्ही दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पोचलो आणि वरून आवाज आला. कुणीतरी दार बडवत होतं. मुठीने नाही, उघड्या पंजाने. थप, थप, थप. आणि एक घोगरा, चिरका आवाज.

"नाहिदा!"

खालतो जागच्या जागी थांबली.

"नाहिदा! अगं दार उघड! नाहिदा! बोलू नकोस माझ्याशी, नको बोलूस, नुसतं दार उघड!"

सोनियाचं दार उघडलं, तिने डोकं बाहेर काढलं, मी तिला डोळ्यांनीच आत हाकललं. वर पुन्हा थप थप थप. मी खालतोला कोपराने ढोसलं. "अगं, ओ दे ना!"

तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ओठ आवळलेले. "थांब," ती कुजबुजली. "आणखी एकदा मारू दे हाक."

"म्हातारा मरेल तिथे भीतीने!"

"नाहिदा!" वरून आलं, या वेळी अगदी बारीक. लहान पोराने अंधारात हाक मारावी तसं.

"ओरडतोस कशाला?" ही ओरडली. "मी इथे आहे!"

कठड्यावरून एक डोकं खाली वाकलं. आम्ही वर चढलो तर अम्मो वदीअ तिच्या दाराला पाठ लावून उभे. अंगात पायजमा, एका पायात मोजा, दुसरा पाय उघडा. काखेत स्वयंपाकघरातल्या पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी. चेहरा पिठासारखा पांढरा. बहिणीकडे बघितलं, पायांपासून डोक्यापर्यंत. मग घसा खाकरून म्हणाले, "तुझा डबा बिघडलाय."

"माझा नाही बिघडलेला."

"यादीत नव्हता. सहापासून बघतोय. दोन आलाच नाही."

"तू पण नव्हतास."

मी तेव्हा काय ते समजले. 'यादीत बरं दिसतं', म्हणे! तेही रोज बघत होते. पाचला उठून डबा लावायचा आणि सहाला दोन येण्याची वाट बघत बसायचं.

अम्मोंनी काखेतला पंचा पुढे केला. "म्हटलं, बिघडला असेल तर माझा देतो तुला. सकाळी आईचा आवाज नसला तर तू काय ऐकणार?"

"म्हणून बंद केलास? म्हणून उपटून घेऊन आलास?" खालतोचा आवाज चढला. "गाढवा! आणि मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"काही नाही. दुसरा मोजा कुठे आहे तुझा?"

त्यांनी आपल्या पायाकडे बघितलं, जणू तो पाय त्यांना आत्ताच दिसत होता. "घालत होतो," म्हणाले. "मध्येच उठलो."

आता गप्प राहणं बरं नव्हे, म्हणून मी कबूल केलं. "अम्मो, हे सगळं माझ्यामुळे झालं. काल मी घरं एकमेकांपासून तोडली."

दोघांनी एकाच वेळी माझ्याकडे मान वळवली. आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा ते दोघं एकमताने बोलले. काय बोलले ते जाऊ दे. त्यात माझी अक्कल होती, माझं दुकान होतं आणि माझ्या बापाचं नावही आलं. मी ऐकून घेतलं. मनातून म्हटलं, बोला, आणखी बोला.

मग खालतोने झग्याच्या खिशात हात घातला, आणि दुसऱ्या खिशात घातला. किल्ली आतच राहिली होती. दार ओढून घेऊन धावत खाली आली होती ना.

"किल्लीवाला येईपर्यंत इथे उभी राहणार?" अम्मो म्हणाले. "वर चल."

आईच्या घरात ती नऊ वर्षं गेली नव्हती. ती वरच्या पायऱ्यांकडे बघत राहिली. अम्मोंनी हात पुढे केला नाही, तेवढी हिंमत अजून झाली नव्हती. पंच्यातला डबा पुढे केला. तिने त्याचं दुसरं टोक धरलं आणि अशी ती दोघं दोन मजले चढली, मध्ये तो डबा.

स्वयंपाकघरात शिरल्या शिरल्या तिने खिडकी उघडली, बरण्या बघितल्या आणि "मीठ इथे ठेवतात का कुणी?" म्हणून बरणी चुलीच्या उजव्या बाजूला हलवली. आई तिथेच ठेवायची. अम्मोंनी डबा परत कपाटावर ठेवून वीज लावली, कॉफी चढवली आणि फोनवर काहीतरी दाबलं. हसीबाचा आवाज घरभर झाला.

"वदीअ, बाळा, आज कोबी भरला होता. नाहिदाने केला. मीठ विसरली."

"खोटं!" कॅसेटमधली तिशीतली नाहिदा मागून ओरडली.

"खोटं!" बहात्तरची नाहिदा ओट्याजवळून ओरडली.

अम्मो इतके हसले की त्यांना खुर्चीवर बसावं लागलं. हसता हसताच त्यांचा चेहरा बदलला आणि ते म्हणाले, "बर्फ मिळाला नसेल ना गं त्या दिवशी." ती त्यांच्याकडे पाठ करून कप पुसत होती. म्हणाली, "मिळाला असता." कॉफी उतू गेली तरी कुणी उठलं नाही, शेवटी मी उठले, चूल पुसली आणि माझं तिथे काही काम नाही हे ओळखून खाली आले.

खाली येऊन मी पुन्हा सगळी घरं तोडली, उस्तादांचा टीव्ही उस्तादांना दिला. फक्त तिसरा आणि पाचवा मजला यांच्यामध्ये वाट मोकळी ठेवली. दोनदा तपासली. मग आणखी एकदा तपासली.

गुरुवारी मी मुद्दाम सहाच्या आधी उठून दुकानात बसले. वीज आली, जनरेटरची घरघर सुरू झाली. पाच मिनिटं झाली असतील, तिसऱ्या मजल्यावरचं दार धाडकन उघडलं.

"वदीअ!" खालतोचा आवाज सगळ्या जिन्यात. "दोन कुठे आहे माझा?"

मी ताडकन उठले. पण वरून लगेच उत्तर आलं. "लावतो, लावतो! मुद्दाम थांबलोय! आज तुझा पहिला नंबर!"

"मला नकोय पहिला नंबर! जीव गेला ना माझा! तू आधी लावायचा, कळलं? रोज! नाहीतर मी वर येऊन लावीन!"

"मग ये ना," अम्मो म्हणाले. "कॉफी टाकलीय."

खालतोने दार ओढून घेतलं. या वेळी किल्लीचा आवाज आला. मग तिच्या सपाता एकेक पायरी वर चढत गेल्या.